वॉर्डात विचारायचं कुणाला?

नर्सिंग शिकताना पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगच्या, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकण्याच्या, तिसऱ्या दिवशी मी एका सिस्टरना एक प्रश्न विचारला. सलाईनचे थेंब मिनिटाला किती ठेवायचे याचं सूत्र मला पाठ होतं, पण हातातल्या सेटमधून एका मिलिलिटरला किती थेंब पडतात हे कुठे बघायचं ते माहीत नव्हतं. ते सेटच्या वेष्टनावर छापलेलं असतं. त्यांनी पेशंटसमोर, नातेवाइकांसमोर मोठ्याने विचारलं, "एवढंही शिकून आली नाहीस? मग वॉर्डात कशाला आलीस?" त्या सकाळी त्यांच्या एकटीच्या अंगावर अख्खा वॉर्ड होता, हे मला आज समजतं. तेव्हा फक्त कान तापल्याचं समजलं. त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे मी तिथे कुणालाही काहीही विचारलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका आजोबांना राईल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, औषधं द्यायची होती. गोळी कुटायची, पाण्यात कालवायची, सिरिंजने ट्यूबमधून सोडायची, एवढं मी बघून बघून शिकले होते. त्या दिवशीची एक गोळी पोटात हळूहळू विरघळावी अशी बनवलेली होती. पाकिटावर तसं लिहिलं होतं आणि ते मी वाचलंही होतं. अशी गोळी कुटली की दिवसभर थोडं थोडं सुटायचं औषध एकदम अंगात उतरतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या अक्षरांचा अर्थ काय असेल, असं मनात आलं होतं, पण तोंड उघडलं नाही. शेजारच्या बेडवर ड्रेसिंग करणाऱ्या दुसऱ्या एका सिस्टरनी कुटण्याचा आवाज ऐकून मान वळवली, दोन ढांगांत आल्या आणि माझं मनगट धरलं. "ही कुटायची नसते. थांब, डॉक्टरांना दुसरी लिहून द्यायला सांगू." आवाज इतका हळू की आजोबांनाही ऐकू गेला नसावा.

पुढे बरीच वर्षं मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवलं. त्या मनगटाचा विचार केल्याशिवाय एकही बॅच गेली नाही. क्लिनिकलच्या ताणाला विद्यार्थी कसे तोंड देतात, हा विषय निघाला की बोलणं लगेच विद्यार्थ्यांच्या स्वभावावर जातं. ही खंबीर आहे, तो हळवा आहे, हिला ध्यान करायला सांगा, त्याला समुपदेशकाकडे पाठवा. मला हे पटत नाही. विद्यार्थी ताणाचं काय करतो हे बहुतेक वेळा वॉर्ड ठरवतो. आणि तिथे पहिल्या दोन-तीन वर्षांत लागलेली सवय पुढे तीस-पस्तीस वर्षं पेशंटच्या उशाशी उभी असते. म्हणून हा प्रश्न मी पेशंटच्या सुरक्षिततेचा मानते.

बाहेरच्यांना वाटतं, ही मुलं रक्त बघून घाबरत असतील. रक्ताची सवय फार लवकर होते. सवय होत नाही ती वेगळ्याच गोष्टींची. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी सकाळी एका अनोळखी माणसाला स्पंज करते, त्याची लघवीची पिशवी रिकामी करते, त्याच्या पाठीवरच्या जखमेतला पू पुसते. त्या माणसाला वाटणारी लाज आपल्या चेहऱ्यावर उमटू नये याची काळजीही तिलाच घ्यायची असते. मुलगा असेल तर स्त्रियांच्या वॉर्डात त्याला दाराशीच थांबवलं जातं. प्रसूतीचा अनुभव लॉगबुकात भरायचा असतो आणि आत जायला कुणी तयार नसतं, अशा कात्रीत तो सापडतो. ड्यूटी संपली की पायांना गोळे आलेले असतात आणि रात्री केस स्टडी लिहायची असते. सकाळी पुन्हा तोच हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं. या सगळ्यावर एक जाणीव सतत बसलेली असते, की आपल्याला अजून नीट येत नाही आणि समोर झोपलेला माणूस खरा आहे.

तैवानमधल्या संशोधकांनी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी २९ विधानांची एक मोजपट्टी तयार केली आणि ती पुढे अनेक देशांत वापरली गेली. त्यात ताणाची सहा उगमस्थानं धरली आहेत: पेशंटची शुश्रूषा, शिक्षक आणि वॉर्डातल्या नर्स, अभ्यासाचा व कामाचा बोजा, सहाध्यायी आणि रोजचं जगणं, ज्ञान-कौशल्य कमी पडणं आणि रुग्णालयाचं वातावरण. यातलं दुसरं कलम मला नेहमी थांबवतं. ज्यांनी हात धरायचा त्यांचीच नोंद ताणाच्या कारणांत करावी लागते आणि त्याचं आपल्याला काही वाटेनासं झालं आहे.

त्याच संशोधकांनी ताणाला तोंड देण्याच्या रीती मोजायला १९ विधानांची आणखी एक यादी केली. तिचे चार गट पडतात: टाळणं, प्रश्नाला भिडून तो सोडवणं, आशा धरून राहणं आणि मन दुसरीकडे वळवणं. झोप काढणं, गाणी ऐकणं, व्यायाम करणं हे चौथ्या गटात येतं. पुष्कळ शिक्षक या चौथ्या गटाकडे तुच्छतेने बघतात, "ड्यूटीवरून आली की लोळत पडते" म्हणतात. माझ्या मते रात्रपाळी करून आलेल्या मुलीने झोपणं यासारखं शहाणपण नाही, आणि तिच्या झोपेच्या वेळेत लेक्चर ठेवणाऱ्या वेळापत्रकाला तेवढं शहाणपण नसतं.

मला काळजी आहे ती पहिल्या गटाची. टाळणं म्हटलं की डोळ्यांसमोर दांडी मारणारा विद्यार्थी येतो, पण तो सोपा असतो, हजेरीपटावर दिसतो. हजर राहून टाळणारे विद्यार्थी दिसत नाहीत. वॉर्डात शिकवलेल्या कुणालाही विचारा, बीपीचं मशीन घेऊन फिरणारी मुलगी त्यांनी पाहिलेली असते. बीपी घेणं तिला चांगलं येतं. मशीन हातात असलं की ती कामात दिसते, तिला कुणी हाक मारत नाही, कुणी नवीन काही करायला सांगत नाही. सकाळी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांचं बीपी घेते, मग परत पहिल्या बेडपासून सुरू करते. महिनाभर पोस्टिंग होतं. लघवीची नळी (कॅथेटर) घालताना ती मागच्या रांगेत असते, सलाईनसाठी शिरेत कॅन्युला लावताना ती स्टोअरमधून काहीतरी आणायला गेलेली असते. पोस्टिंगच्या शेवटी शेरा पडतो: शांत, आज्ञाधारक, कामसू. मी स्वतः असे शेरे लिहिले आहेत आणि त्यांतल्या काही मुलींना मी काहीच शिकवलं नव्हतं, हे मला फार उशिरा उमगलं.

याच्या पुढची पायरी श्वासांची आहे. पेशंटचे श्वास मोजायचे तर मिनिटभर त्याच्या छातीकडे बघत उभं राहावं लागतं, त्याला कळू न देता. तापमान आणि नाडी यांच्यासारखा यात हाताला चाळा नसतो, त्यामुळे बघणाऱ्याला ती नुसती उभी आहे असं वाटतं आणि "काय उभी राहिलीस?" अशी हाक येते. मग चार्टवर सरसकट २० लिहिलं जातं. सगळ्या वॉर्डाचे श्वास २०. पेशंट बिघडायला लागला की श्वासांचा वेग बऱ्याचदा सगळ्यांत आधी वाढतो, बीपी नंतर पडतं. ज्या आकड्याने सर्वांत आधी हाक द्यायची तोच आकडा आपण अंदाजाने लिहायला शिकवतो. शिकवतो असं मी मुद्दाम म्हणते आहे. वेळेत चार्ट न भरल्याची शिक्षा लगेच होते, चुकीचा आकडा लिहिल्याची बहुधा होत नाही. विद्यार्थी हा हिशेब आठवड्यात शिकतात.

सुई टोचल्याची गोष्ट त्याहून वाईट. वापरलेली सुई बोटाला लागली की जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि ताबडतोब कळवायचं, हे प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेत लिहिता येतं. एचआयव्हीची शक्यता असेल तर प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, हेही लिहिता येतं. तरी मुलं लपवतात. एका मुलीने मला सांगितलं तेव्हा दीड दिवस गेला होता. तो दीड दिवस तिने हॉस्टेलच्या खोलीत बोटाकडे बघत काढला होता. "का गं सांगितलं नाहीस?" म्हटल्यावर म्हणाली, "मॅडम, सुईला परत टोपण लावायचं नसतं हे तुम्ही तीनदा सांगितलं होतं." तिला एचआयव्हीपेक्षा माझी जास्त भीती वाटली होती. मी ओरडणाऱ्यांतली नव्हते असं मला वाटत होतं. विद्यार्थ्यांना मात्र तसं वाटत नव्हतं, आणि या बाबतीत त्यांचंच खरं.

ताणाचा अभ्यास करणारे रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये एक मांडणी केली, ती इथे फार उपयोगी पडते. एखादा प्रसंग आला की माणूस मनात दोन गोष्टी तोलतो: यात माझं काही बिघडणार आहे का, आणि मला यात काही करता येण्यासारखं आहे का. करता येण्यासारखं काही दिसलं तर माणूस प्रश्नाला हात घालतो. काहीच हातात नाही असं दिसलं तर तो भावना सांभाळायला लागतो, म्हणजे रडतो, विसरू बघतो, मनाची समजूत घालतो किंवा तिथून निघून जातो. आता विद्यार्थ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याला ड्यूटी बदलून मागता येत नाही. कोणत्या पेशंटपाशी जायचं हे दुसरं कुणी ठरवतं. सिस्टर रागावल्या तर तक्रार करायची कुठे, आणि केलीच तर पुढचा महिना त्यांच्याच वॉर्डात काढायचा आहे. वॉर्डाच्या उतरंडीत तो सगळ्यांत खाली आहे. अशा माणसाला "सकारात्मक विचार कर" म्हणून सांगणं अन्यायाचं आहे. त्याच्या हातात काहीतरी द्या, मग तो आपोआप प्रश्नाला भिडेल. विचारायला एक माणूस आणि विचारण्याची मुभा, एवढं हातात असलं तरी पुष्कळ होतं.

ताण असा आतल्या आत दाबायची रीत आजकालची नाही. इझाबेल मेंझिस या मनोविश्लेषक बाईंनी १९६० साली लंडनमधल्या एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकाऊ नर्सचं वाटप कसं करावं हे ठरत नव्हतं, म्हणून रुग्णालयानेच मदत मागितली होती. बाईंना तिथे दिसलं ते असं. कोणत्याही एका पेशंटचा एका नर्सशी फार काळ संबंध येऊ नये अशा बेताने काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं. पेशंटचा उल्लेख बेडच्या नंबराने नाहीतर आजारी अवयवाने. प्रत्येक छोट्या गोष्टीवर तपासणी आणि पुन्हा तपासणी. चांगल्या नर्सने भावना दाखवायच्या नाहीत, हा अलिखित नियम. त्यांचा निष्कर्ष असा की मृत्यू, वेदना आणि परक्या शरीराच्या सान्निध्यातून येणारी चिंता झाकण्यासाठी संस्थेनेच ही रचना करून ठेवली होती. चिंता त्याने कमी होत नव्हती, नुसती दबून राहत होती. आणि सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण अर्धवट सोडत होत्या, त्यांतल्या बहुतेक आपणहून.

"अकरा नंबरला इंजेक्शन दे", "त्या हर्नियाला ऑपरेशनला घ्यायचंय" ही भाषा ज्यांनी ऐकली आहे त्यांना या अभ्यासात काही परकं वाटणार नाही. विद्यार्थी वॉर्डात पाऊल टाकतो त्याआधीच ताण सोसण्याची एक तयार पद्धत तिथे त्याची वाट बघत असते. मन बधिर करून घेणं, हेच तिचं नाव. ती त्याने शोधलेली नसते. त्याने ती नाकारली तर तो "फार इमोशनल" ठरतो.

पहिला मृत्यू आठवून बघावा. माझ्यापुढे एक काकू गेल्या, दुपारच्या वेळी. आदल्या दिवशी मी त्यांचे केस विंचरले होते. पडदा ओढला गेला आणि सिस्टर म्हणाल्या, "चल, हात लाव." डोळे मिटायचे, जबडा वर धरून बांधायचा, हातपाय ताठण्याआधी सरळ करायचे, नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, ओळखीची चिठ्ठी लावायची. सिस्टरनी एकेक पायरी बरोबर शिकवली. त्यांचे हात फार हळुवार होते, ते मी विसरलेले नाही. सगळं झाल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "दोनचे टेम्परेचर राहिलेत." मी टेम्परेचर घेतले. माझ्याशी त्याबद्दल त्या दिवशी कुणी बोललं नाही, नंतरही नाही. सिस्टर निष्ठुर होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्याही पहिल्या मृत्यूनंतर त्यांना कुणीतरी टेम्परेचरच घ्यायला पाठवलं असणार. त्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत मैत्रिणीने दिवा मालवला आणि अंधारात विचारलं, "हात गार लागतात का गं लगेच?" आम्ही पहाटेपर्यंत बोललो. तिचा पहिला मृत्यू अजून व्हायचा होता.

मैत्रिणींचा हा आधार जगभरच्या नर्सिंग हॉस्टेलांनी वर्षानुवर्षं पुरवला आहे आणि त्याची किंमत कुठल्याही तासिकेत धरलेली नाही. पण मैत्रीण तेवढीच नवखी असते. ती रडायला खांदा देऊ शकते, "तू नळी काढताना चुकली नाहीस, त्या आधीच गेल्या होत्या" हे ती खात्रीने सांगू शकत नाही. ते सांगायला जाणतं माणूस लागतं, आणि ते त्याच दिवशी लागतं.

यावर एक आक्षेप मी आयुष्यभर ऐकला, बहुधा माझ्याच बरोबरीच्या सहकाऱ्यांकडून. आम्ही सोसलं, आम्ही घडलो. इथे चूक म्हणजे माणसाचा जीव, धाक नसेल तर मुली बेफिकीर होतील. या म्हणण्यामागची कळकळ खोटी नाही, म्हणून तिला नीट उत्तर दिलं पाहिजे. औषध देण्याआधी पेशंटचं नाव, औषध, मात्रा, मार्ग, वेळ तपासलीच पाहिजे, यात मला तसूभरही सूट नको. ट्रे चुकीचा लावला असेल तर दहा वेळा परत लावून घ्यावा. ही शिस्त कामाची आहे. पेशंटसमोर "तुला कोणी पास केलं?" असं विचारण्याने कोणती शिस्त लागते? त्याने विद्यार्थी काम सुधारत नाही, पुढच्या वेळी तुमच्या नजरेआड काम करतो. "आम्ही घडलो" म्हणणाऱ्या पिढीत जे मधेच सोडून गेले ते आज सांगायला समोर नाहीत. आणि जे राहिले त्यांनी काय काय लपवायला शिकून घेतलं, तेही त्या वाक्यात येत नाही.

संस्थांमधल्या कामकाजाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांचा १९९६ सालचा एक अभ्यास मला या बाबतीत निर्णायक वाटतो. रुग्णालयांतल्या वेगवेगळ्या विभागांत औषधांच्या चुका किती होतात आणि तिथल्या चमूचं आपसात कसं जमतं, याचा संबंध त्या बघत होत्या. जिथे प्रमुख चांगली आणि संबंध मोकळे, तिथे चुका कमी सापडतील असं वाटलं होतं. निघालं उलटं, अशा विभागांत चुकांची नोंद जास्त होती. उलगडा असा झाला की तिथे लोक चुका सांगत होते, बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. आपला वॉर्ड चुकाविरहित आहे असं ज्या इन्चार्जना वाटतं त्यांनी या अभ्यासाचा विचार जरूर करावा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. शिकवायला वेळ कुणाला आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या अहवालात जगभर सुमारे ५९ लाख नर्स कमी असल्याचं म्हटलं होतं. ज्या सिस्टरच्या अंगावर झेपतील त्याच्या दुप्पट पेशंट आहेत, तिने विद्यार्थ्याला सेटवरचं थेंबांचं गणित प्रेमाने समजावून सांगावं, ही अपेक्षा तिच्यावर अन्याय करणारी आहे. माझ्यावर ओरडलेल्या सिस्टरना मी बऱ्याच वर्षांपूर्वीच माफ केलं ते यामुळे. वरून येणारा भार खालच्या पायरीवर सांडतो आणि विद्यार्थ्याच्या खाली पायरीच नसते. मात्र याच तुटवड्यामुळे विद्यार्थ्यांना मोकळे हात म्हणून वापरलं जातं, आणि इथे मी कुणाचीही गय करायला तयार नाही. तपासणीचे नमुने पोचवणं, रिपोर्ट आणणं, ट्रॉल्या ढकलणं, रजिस्टरं आखणं यात पोस्टिंग संपतं आणि कागदावर मात्र शिकण्याचे तास भरतात. युरोपीय संघाच्या नियमांत नर्सच्या शिक्षणाचे ४६०० तास धरलेले आहेत आणि त्यातले निम्मे तरी प्रत्यक्ष रुग्णसेवेतले हवेत. निम्मं शिक्षण वॉर्डात होणार असेल तर वॉर्डाला वर्ग मानायला हवा. ब्रिटनमध्ये १९८६ सालच्या सुधारणांच्या आराखड्यात ही गोष्ट स्पष्ट मान्य झाली की विद्यार्थी हा नोकरांच्या संख्येत मोजायचा नाही, तो जादाचा, शिकायला आलेला. कागदावर मान्य होणं आणि वॉर्डात पाळलं जाणं यात अंतर राहतं, तिथेही राहिलं. पण निदान विद्यार्थ्याला दाखवायला एक ओळ मिळाली.

आणखी एक गोष्ट खर्चाशिवाय करता येते. ज्याला विचारायचं तो माणूस आणि जो गुण देणार तो माणूस वेगळा असावा. आज बहुतेक ठिकाणी ट्युटर हीच शंका विचारण्याची जागा असते, आणि इंटर्नल मार्कही तिच्याच हातात. अज्ञान उघड करायचं तर गुणांची जोखीम घेऊन करायचं. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेने २०१८ च्या मानकांत या दोन भूमिका वेगळ्या केल्या: रोज देखरेख करून शिकवणारी व्यक्ती एक, आणि त्या विद्यार्थ्याचं अंतिम मूल्यमापन करणारी दुसरी. इथे वेगळी नेमणूकही लागत नाही, दोन ट्युटरांनी आपसात बॅच वाटून घेतली तरी काम होतं. मी आणि माझ्या एका सहकारी बाईंनी हे वर्षभर केलं. माझ्या गटाचे गुण त्यांनी दिले, त्यांच्या गटाचे मी. पहिला महिना काही फरक दिसला नाही. दुसऱ्या महिन्यात प्रश्न वाढले, आणि प्रश्नांची जातही बदलली. आधी "याचं नॉर्मल किती?" असे परीक्षेतले प्रश्न येत. नंतर "त्या बाबांनी माझा हात धरून ठेवला तर सोडवून घ्यायचा का?" असे यायला लागले.

नवख्याचं अज्ञान हे आळसाचं लक्षण नसतं, हेही शिकवणाऱ्यांना शिकवलं पाहिजे. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिक्यापासून निष्णातापर्यंत नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी नियमांवर चालते, कारण तिच्यापाशी दुसरं काही नसतं. अनुभवी सिस्टर दारातून बघून सांगते, "सात नंबरचं लक्षण ठीक नाही." तिला काय दिसलं हे तिचं तिलाही सांगता येत नाही. मग ती विद्यार्थिनीला म्हणते, "तुला दिसत कसं नाही?" खरंच दिसत नाही. ते दिसायला शेकडो पेशंट डोळ्यांखालून जावे लागतात. "मला घामाने भिजलेलं कपाळ दिसलं, आणि ते कालच्यासारखं बोलत नव्हते" असं सिस्टरने उलगडून सांगितलं, तर विद्यार्थिनीला पुढच्या वेळी कुठे बघायचं ते कळेल. त्याला अर्धा मिनिट लागतो. ओरडायलाही तेवढाच लागतो.

ड्यूटी संपताना पंधरा मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसणं अनेक अभ्यासक्रमांत पोस्ट-कॉन्फरन्स म्हणून लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तिथे हजेरी आणि उद्याच्या असाइनमेंटची आठवण होते. ती पंधरा मिनिटं मी हट्टाने राखली. नियम एकच होता, सुरुवात मी करायची. आज मला काय आलं नाही, हे आधी मी सांगायचं. पहिल्यांदा हे करताना मला जड गेलं होतं. बावीस जोड्या डोळ्यांसमोर मी म्हणाले की सकाळी त्या पेशंटची शीर मला दोनदा सापडली नाही आणि मला घाम फुटला होता. एकदम शांतता पसरली. मग मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्हालाही फुटतो?"

त्याच बॅचमध्ये बीपीच्या मशीनची एक मुलगी होती. मी तिच्या हातातून मशीन काढून घेतलं नाही, ते तिचं कवच होतं. फक्त तिला एकच पेशंट दिला, तोच आठवडाभर, आणि सांगितलं की बाकी कुणाचं काही करायचं नाही, पण यांच्याबद्दल सगळं तुला माहीत हवं. तीन दिवस ती माझ्याशी जेमतेम बोलली. चौथ्या दिवशी दुपारी, हँडओव्हर सुरू असताना ती माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली. चार्ट छातीशी धरलेला होता. "मॅडम, त्यांचे श्वास अठ्ठावीस येतायत. सकाळी अठरा होते. मी दोनदा मोजले, पण मला खात्री नाही."

इन्चार्ज सिस्टर बोलायच्या थांबल्या. मी हँडओव्हर तसाच सोडला, आम्ही दोघी बेडपाशी गेलो, आणि मिनिटभर एकमेकींशी काहीही न बोलता त्यांच्या छातीकडे बघत उभ्या राहिलो. अठ्ठावीसच होते. "आता डॉक्टरांना फोन कर," मी म्हटलं, "आणि तूच सांग."